प्रिंटर मराठी शिकला, दुरुस्ती मात्र परगावी गेली

नागपूरच्या आग्नेयेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर असलेल्या उमरेडमध्ये दोन जातींचा कागद प्रिंटरमधून बाहेर पडतो. एक कोळशाच्या ट्रकच्या वजनाची पावती: गाडीचा नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, तारीख, म्हणजे सगळा आकड्यांचा आणि इंग्रजी अक्षरांचा मामला. दुसरा कागद तहसील कचेरीच्या कामाचा. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आणि हे सगळे मराठीत. पहिल्या कागदाला लागणारी विद्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कारखान्यातूनच पोटात घेऊन येतो. इंग्रजी अक्षरांचे आकार त्याच्या चिपमध्ये कोरलेले असतात. संगणकाने अक्षराचा क्रमांक धाडला की तो ते अक्षर उमटवतो. दुसऱ्या कागदापुढे तोच प्रिंटर निरक्षर ठरतो. त्याला मराठी शिकवण्याची खटपट गेली चाळीसेक वर्षे चालू आहे, आणि ती बहुधा शोधांची कथा म्हणून सांगितली जाते: अमुक साली कार्ड आले, अमुक साली फाँट आला, अमुक साली युनिकोड आला. ही कथा खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी कथा देखभालीची आहे. ती तपासली की दिसते ते असे: संगणकाच्या दर पिढीत छापील मराठी आधीपेक्षा नेटकी झाली, आणि दर पिढीत ती बिघडली तर नीट करण्याची ताकद उमरेडसारख्या गावापासून आणखी लांब सरकली.

हे पटवून घ्यायचे तर खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईपासून सुरुवात करावी लागते. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा देवनागरीची मुख्य अडचण अक्षरांच्या वर-खाली चढणाऱ्या मात्रांची होती. इंग्रजी अक्षर एका ओळीत सरळ उभे राहते. मराठीत ‘र्की’ म्हटले की शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि रफार, ‘कृ’ म्हटले की पायाशी चिन्ह. ह्यावर ओतशाळांनी दोन तोडगे काढले. एकात अक्षर आणि मात्रा एकाच खिळ्यावर अखंड ओतायचे. दुसऱ्यात मात्रांचे वेगळे बारीक खिळे करून अक्षराला जोडायचे. दोन्हींत खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढे. बापूराव नाईकांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ ह्या ग्रंथात ह्या खटाटोपाची तपशीलवार नोंद आहे. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे इतकेच, की ह्या व्यवस्थेत बिघाड डोळ्यांना दिसे आणि बोटांना लागे. वेलांटीचा खिळा तुटला तर जुळारी तो काढी, नवा बसवी. नवा नसला तर शब्द बदलून वेळ निभावून नेई. ओतशाळा लांब होती हे खरे, आणि म्हणून तो काळ स्वयंपूर्ण होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण खिळे वजनावर विकत मिळत, त्यांना परवाना लागत नसे, आणि दहा वर्षांपूर्वी घेतलेला खिळा ‘आता ह्या यंत्रावर चालणार नाही’ असे कुणी कळवत नसे.

टंकलेखन यंत्राने मराठीची काटछाट केली, पण दुरुस्ती जवळच ठेवली. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कचेऱ्यांत मराठी यंत्रे रुजली. मोजक्या कळांत देवनागरी कोंबायची म्हणून अर्धी अक्षरे आणि काना वेगवेगळे टंकावे लागत. जोडाक्षरे ओबडधोबड दिसत, तरी ती वाचता येत. कळ अडकली तर तिला तेल घालणारा मेकॅनिक तालुक्यात नाही तर जिल्ह्यात मिळे. पटवाऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या सरकारी भाषेतल्या तलाठ्याला, तर ह्यातलेही काही लागत नसे. सातबारा त्याच्या हातचा असे.

खरा पेच आला तो डॉट मॅट्रिक्सने. एप्सनने १९८० साली एमएक्स-८० बाजारात आणला आणि त्याच्या आज्ञांची भाषा पुढे साऱ्या जगाची झाली. भारतातल्या कचेऱ्यांत एप्सन आणि टीव्हीएसचे प्रिंटर दिसू लागले तेही त्याच घराण्यातले. ह्या यंत्राच्या डोक्यात एकाखाली एक नऊ सुया असतात, इंचाला बहात्तर ठिपके ह्या अंतराने. इंग्रजीची एक ओळ ह्या नऊ ठिपक्यांच्या उंचीत आरामात बसते. देवनागरीला वरचा मजला, मधला मजला आणि तळघर अशा तीन जागा लागतात. नऊ ठिपक्यांत त्या बसवल्या तर ‘कि’ आणि ‘की’ ह्यांतला फरक ओळखू येत नाही. म्हणून प्रिंटरला अक्षर न मागता चित्र मागावे लागे. आज्ञा देऊन त्याला चित्राच्या पद्धतीत न्यायचे, मग प्रत्येक उभ्या पट्टीत आठांपैकी कोणत्या सुया टोचायच्या हे बाइटमागून बाइट सांगायचे, कागद थोडा सरकवायचा, त्याच ओळीचा खालचा भाग दुसऱ्या फेरीत काढायचा. एका ओळीला दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या. कागद केसभर जास्त सरकला तर शिरोरेघ आणि अक्षर ह्यांच्यात पांढरी फट पडे; कमी सरकला तर उकार खालच्या ओळीच्या रफारावर चढे. इंग्रजीचे पान ज्या वेळात संपे त्याच्या कितीतरी पट वेळ मराठी पानाला लागे.

हे काम नीट करून दाखवले ते जिस्ट तंत्रज्ञानाने. त्याची पायाभरणी आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात झाली. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि जिस्ट तिथे आले. जिस्टचे कार्ड संगणकाच्या आतल्या खाचेत बसवायचे. मग डीबेससारखी मूळची इंग्रजी सॉफ्टवेअर न बदलता पडद्यावर मराठी दाखवीत, कारण पडद्याकडे निघालेले अक्षर कार्ड वाटेत अडवून त्याचा देवनागरी आकार करी. छपाईची वाटही तीच: ‘क’ आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या क्रमाने साठवायची, वेलांटी आधी काढायची हा नियम मधल्या थराने पाळायचा, आणि प्रिंटरच्या हाती तयार चित्र द्यायचे. अक्षरे साठवण्याची ही पद्धत इस्की ह्या नावाने १९९१ साली भारतीय मानक झाली. इथेच एक मोठा निर्णय होऊन गेला होता, जरी तेव्हा कुणी तो तसा मांडला नसेल: मराठीची जबाबदारी प्रिंटर बनवणारा घेणार नाही, ती मधल्या थराने घ्यायची.

तो निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. जपानी कारखानदार मराठी अक्षरे चिपमध्ये कोरून देईल अशी वाट पाहिली असती तर अजून पाहत बसलो असतो. पण मधला थर म्हणजे कायमची देखभाल आली. १९८८-८९ साली केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातले आठ जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून निवडला तो उमरेड तालुक्याला लागून असलेला वर्धा. म्हणजे सातबारा संगणकातून काढण्याची आरंभीची कसरत ह्याच भागाच्या शेजारी झाली. त्या कामासाठी यंत्रे घ्यायला, नोंदी भरायला पैसा होता. मधला थर वीस वर्षे जिवंत ठेवायचा ह्या कामाला मात्र खर्चाचे शीर्षच नव्हते. जिस्ट कार्ड ज्या खाचेत बसे ती खाच नव्या मदरबोर्डांवरून साधारण २००० च्या आसपास नाहीशी झाली. विंडोजच्या नव्या पिढीने प्रोग्रामला थेट हार्डवेअरला हात लावायला बंदी केली. चौसष्ट-बिट विंडोज आले आणि डॉसच्या काळातले प्रोग्राम उघडेनासेच झाले. ह्यांपैकी एकही बदल मराठीच्या विरोधात केलेला नव्हता. करणाऱ्यांना मराठी नावाचा थर मध्ये आहे हे ठाऊकच नव्हते, आणि ते ठाऊक करून देणे हे कुणाचे कामही नव्हते.

विंडोजच्या काळाने छपाई सुंदर केली. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, बंगळुरूची आकृती ह्यांच्यामुळे लग्नपत्रिका, पत्रके, अहवाल खिळ्यांच्या तोडीचे निघू लागले. पण ह्या सोयीच्या पोटात दोन दोष होते आणि दोन्ही छपाईच्या वेळीच वर येत. पहिला दोष फाँटांचा. मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या क्रमांकांवर बसवलेले. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाइल एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेली आणि तिथे तो फाँट नसला की ‘अर्जदार’च्या जागी परकी चिन्हे उमटत. काही क्रमांक तर मूळ संकेतात न दिसणाऱ्या चिन्हांना दिलेले होते, उदाहरणार्थ न तुटणारी मोकळी जागा किंवा शब्द तोडण्याची अदृश्य रेघ. त्या क्रमांकावर बसवलेले मराठी अक्षर पडद्यावर दिसे आणि कागदावर पोचताना एखादा प्रोग्राम ते गिळून टाकी. दुसरा दोष कुलपाचा. चोरी टाळण्यासाठी मराठी सॉफ्टवेअरसोबत हार्डवेअर लॉक येई, ज्याला सगळे डोंगल म्हणत. ते प्रिंटरच्याच पोर्टात खोचायचे आणि त्याच्या पाठीला प्रिंटरची केबल लावायची. संगणक आणि प्रिंटर दोन्ही बाजूंनी बोलू लागल्यावर मध्ये बसलेले हे कुलूप त्या बोलण्यात खोडा घाली. मराठी लिहिण्याची परवानगी आणि मराठी छापण्याची वाट एकाच सांध्यात अडकलेली होती, इतके नेमके रूपक कुणी रचूनही सापडले नसते.

ह्या गोंधळातून सुटका झाली ती एका अशा यंत्रामुळे, ज्याला अभियंते नाक मुरडत. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेसरजेट १०२० हे दोन प्रिंटर भारतातल्या झेरॉक्सच्या दुकानांत इतके पसरले की त्यांच्या कार्ट्रिजची रिफिल हा तालुक्यातालुक्यातला स्वतंत्र धंदा झाला. ही यंत्रे स्वस्त, कारण त्यांना डोके नाही. पानाचे चित्र करण्याचे सगळे काम संगणकातला ड्रायव्हर करतो. प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. एचपी १०२० ला तर चालू केल्यावर दर वेळी स्वतःचा प्रोग्रामही संगणकाकडून मागून घ्यावा लागतो. मराठीला हे वरदान ठरले. प्रिंटरच्या पोटात इंग्रजी अक्षरेच नाहीत, तेव्हा मराठी त्याला परकी नाही. सगळ्या लिप्या त्याच्यापुढे सारख्याच. नऊ सुयांपाशी सुरू झालेला झगडा असा एका बिनडोक यंत्राने मिटवला. पण किंमत वसूल झाली ती दुसऱ्या टोकाला. डोके ज्या ड्रायव्हरमध्ये गेले तो बंद पेटीतला. तो कोणत्या विंडोजवर चालेल, किती वर्षे चालेल, हे कंपनी ठरवते. यंत्र धडधाकट, रोलर बदललेला, ड्रम नवा, आणि तरी नव्या संगणकावर ते निकामी, अशी स्थिती खिळ्यांच्या, टंकयंत्राच्या किंवा सुयांच्या काळात येऊच शकत नव्हती. दुकानातला ऑपरेटर रोलर साफ करू शकतो, क्यूमध्ये अडकलेले काम काढू शकतो, ती रांग सांभाळणारा स्पूलर बंद करून पुन्हा सुरू करू शकतो, पीडीएफ वेडीवाकडी निघाली तर ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडून आधी पानाचे चित्र करून घेऊ शकतो. त्याची कारागिरी अस्सल आहे. ती दाराबाहेरची आहे, इतकेच.

आता युनिकोड आहे, मग जुने रडगाणे कशाला, हा आक्षेप येणारच. युनिकोडने प्रश्न बराच सोडवला ह्यात शंका नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतला देवनागरी भाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फाँट आला आणि मराठी लिहायला कुलूप लागेनासे झाले. पण युनिकोडचा इतिहासही देखभालीचाच आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर त्यात आले २००८ साली, ५.१ ह्या आवृत्तीत. तोवर ‘अ’वर चंद्र चढवला की विंडोज त्या दोहोंच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घाली, आणि ते कागदावरही तसेच छापून येई. मराठीतले ‘ल’ आणि ‘श’ कसे असावेत हे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवले. मंगल आणि बहुतेक फाँट हिंदी वळणच दाखवीत राहिले. ‘दुसऱ्या’मधला आडवा अर्धा र अजूनही एखाद्या जुन्या प्रोग्रामच्या छपाईत रफार होऊन निघतो. संकेत बरोबर असला म्हणजे कागद बरोबर निघतो असे नाही. दोघांच्या मध्ये आकार रचणारा प्रोग्राम, फाँट, पीडीएफ बनवणारे यंत्र आणि ड्रायव्हर अशी चार माणसांची रांग आहे, आणि त्यांतला प्रत्येक जण चूक पुढच्याची आहे असे सांगून मोकळा होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कागदच संपत चालला. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. त्यावर पटवाऱ्याची सही लागत नाही, मग प्रिंटरची चर्चा हवी कशाला? उत्तर त्या कागदावरच छापलेले असते. डिजिटल स्वाक्षरीची पीडीएफ ज्या संगणकावर उघडली, त्याला भारतीय प्रमाणन यंत्रणेचे मूळ प्रमाणपत्र ओळखीचे नसेल तर स्वाक्षरीच्या जागी हिरव्या खुणेऐवजी पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘स्वाक्षरी पडताळलेली नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. तशीच प्रत छापली की ते प्रश्नचिन्ह कागदावर कायमचे बसते. दस्तऐवज खरा, सही खरी, आणि टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, दुसरी प्रत आणा. संगणकावरची ती एक मांडणी बदलणे पाच मिनिटांचे काम आहे; फक्त ते करायचे असते हे दुकानात कुणी सांगितलेले नसते. कागद कमी होईल, पण जो उरेल तो अधिक मोलाचा असेल. संगणकीकरणात सातबाऱ्यात शिरलेल्या चुकांची कहाणी हेच सांगते. हस्तलिखित नोंदी आणि संगणकातल्या नोंदी जुळेनात, तेव्हा २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करावे लागले. जमीन महसूल संहितेचे कलम १५५ लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी आहे, आणि त्याखाली अर्ज घेऊन लोकांना तहसीलला जावे लागले. त्या सगळ्या चुका छपाईच्या नव्हेत, बहुतेक भरणीच्या होत्या. त्या प्रिंटरच्या माथी मारणे अन्याय होईल. पण कायद्याने नोंदीच्या चुकीसाठी एक कलम, एक अधिकारी आणि एक टेबल ठेवले आहे. छपाईच्या चुकीसाठी असे टेबल कुठेच नाही.

निकाल चांगला मिळतो आहे तर दुरुस्ती कुठे होते ह्याच्याशी काय देणे-घेणे, असेही कुणी विचारील. देणे-घेणे आहे, कारण लांबची दुरुस्ती लांबच्यांच्या गरजेने चालते. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ ह्या नावाने गाजलेली पळवाट उघडी पडली. मायक्रोसॉफ्टने ती बुजवली आणि ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सक्तीचा केला. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण ज्या कचेरीचा पासवर्ड जिल्ह्याच्या गावी असतो तिथे ह्याचा अर्थ वेगळा होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केले की बाहेरच्या कंपन्यांचे जुन्या धर्तीचे ड्रायव्हर विंडोज टप्प्याटप्प्याने सांभाळणे बंद करील. एलबीपी २९०० वर्गातल्या यंत्रांचे भवितव्य ह्या एका निवेदनात आहे, आणि उमरेडमध्ये त्याचा निर्णय घेता येत नाही.

ह्यावर मुक्त सॉफ्टवेअरवाले म्हणतील, आम्ही हे फार पूर्वीच सांगितले होते. त्यांचा दावा खराच आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा एवढी सुधारणा तिथल्या रिचर्ड स्टॉलमन ह्या प्रोग्रामरला करायची होती, आणि त्याला मूळ प्रोग्राम द्यायला नकार मिळाला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी अडकलेला कागद आहे. तरी मूळ प्रोग्राम खुला असणे पुरेसे नाही, हेही छपाईनेच दाखवले. लिनक्स आणि ॲपलच्या संगणकांवरची छपाई ज्या कप्स ह्या प्रोग्रामवर चालते तो मायकेल स्वीटने १९९९ साली बाहेर आणला, ॲपलने २००७ मध्ये घेतला, आणि २०१९ च्या अखेरीस स्वीट ॲपल सोडून गेला तेव्हा पुढचे वर्षभर त्यातले काम जवळजवळ थांबले. ओपनप्रिंटिंग गटाने ते उचलले म्हणून तो टिकला. जगभरची छपाई मोजक्या माणसांच्या चिकाटीवर उभी आहे. उमरेडमध्ये कोण बसून हा कोड दुरुस्त करणार, हा टोमणा म्हणून चुकीचा नाही, पण तो नेमही चुकवतो. खिळे उमरेडमध्ये ओतले जावेत अशी अपेक्षा तरी कुणी केली होती? ज्याच्याकडे मागणी नोंदवता येईल आणि जो ती पुरी करील असा एक पत्ता असला म्हणजे झाले. पुण्यात सी-डॅक आहे, नागपुरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. पगार देऊन दोन-चार माणसांना ‘मराठी पान जसे पडद्यावर तसेच कागदावर’ एवढेच काम देणे राज्याला जड नाही.

तोवर एक गोष्ट कुणालाही न विचारता करता येते. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणल्यापासून कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय, ठरलेल्या संकेताने चालणारे प्रिंटर बाजारात आहेत, आणि आता विंडोजही त्याच वाटेने निघाले आहे. अशा यंत्रातही पान संगणकच रचतो, म्हणजे मराठीची सोय तीच राहते. फक्त यंत्राचे आयुष्य कंपनीच्या पेटीला बांधलेले नसते. तहसील कचेऱ्या, पंचायत समित्या आणि सेवा केंद्रे ह्यांच्या खरेदीच्या निविदेत पानांचा वेग, वॉरंटी आणि किंमत विचारली जाते. त्यात ‘ड्रायव्हरशिवाय चालला पाहिजे’ आणि ‘शासनाच्या वर्णमालेचे चाचणी पान बिनचूक छापून दाखवावे’ ह्या दोन अटी घाला. पुरवठादार कुरकुर करील आणि मग यंत्र आणून देईल.